गॉथमॉगचा मृत्यू : एका दुय्यम असुराचं प्रकरण

गॉथमॉग मेला कसा, हे टॉल्किन यांच्या ‘द सिल्मरिलिअन’ या १९७७ साली छापलेल्या पुस्तकात अर्ध्या वाक्यात उरकलं आहे. राजाच्या चौकात एक्थेलिऑन नावाच्या वीराशी त्याची गाठ पडली आणि दोघांनी एकमेकांना मारलं, एवढंच. पुढे गोष्ट लगेच दुसऱ्या पात्राकडे वळते. ज्याने त्या जगातले दोन राजे पाडले आणि तिसऱ्या वीराला जिवंत बांधून फरफटत नेलं, त्याच्या वाट्याला एवढाच शेवट आला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा आपल्याकडून एखादं पान सुटलं की काय, असं वाटून मी मागे जाऊन पाहिलं. पान सुटलं नव्हतं. ते पान त्या पुस्तकाच्या साठ वर्षं आधीच लिहून झालं होतं, आणि छापील पुस्तकात घेण्याजोगं राहिलं नव्हतं. का राहिलं नव्हतं, ते या प्रकरणात पाहायचं आहे.

आधी हा गॉथमॉग कोण ते सांगायला हवं. जे. आर. आर. टॉल्किन यांनी रचलेल्या दंतकथाविश्वात मेल्कोर नावाचा एक महाबलाढ्य बंडखोर आहे. सृष्टी घडवणाऱ्या शक्तींपैकीच तो एक. पुढे त्याला मॉर्गॉथ म्हणतात. त्याच्या पदरी आगीचे असुर आहेत, त्यांचं नाव बॅलरॉग. हातात ज्वाळांचे चाबूक, भोवती अंधार. या बॅलरॉगांचा सरदार गॉथमॉग. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये मोरियाच्या खाणीत पुलावर गँडाल्फ हा जादूगार ज्याची वाट अडवतो, तो बॅलरॉग अनेकांना ठाऊक असतो. तो वेगळा, त्या कुळातला उरलेला. गॉथमॉगची गोष्ट त्या पुलाच्या हजारो वर्षं आधीची, पहिल्या युगातली.

मराठीत लिहिताना पहिली अडचण शब्दाची येते. राक्षस म्हटलं की आपल्याला माणसं खाणारा, रानात राहणारा, मायावी रूपं घेणारा कोणी आठवतो. पिशाच म्हटलं तर मेलेल्याची आठवण होते. मी असुर म्हणतो, आणि त्याला कारण आहे. आपल्या पुराणांत देव आणि असुर दोघेही कश्यपाचीच मुलं. बापाकडून एकाच घरचे. टॉल्किन यांच्या उत्तरकाळातल्या कल्पनेत बॅलरॉगही तसेच आहेत. ते मुळात माइआर, म्हणजे सृष्टीच्या आधीपासूनचे दुय्यम दैवी आत्मे. गँडाल्फही माइआरच. त्या पुलावर समोरासमोर उभे राहिलेले दोघे एकाच जातीचे होते. एक सेवेत राहिला, दुसरा मेल्कोरच्या मागे गेला. जय-विजय वैकुंठाच्या दारावरून खाली आले, तसाच हाही पडलेला सेवक. फरक एवढाच की जय-विजयांना तीन जन्मांनंतर परतायचं असतं, हे आपल्याला आधीच माहीत असतं. गॉथमॉगसाठी परतीची वाट कुठेही लिहिलेली नाही.

पण हा झाला उत्तरकाळचा गॉथमॉग. मूळचा असा नव्हता.

१९१६ साली टॉल्किन लँकेशायर फ्युजिलिअर्समध्ये सिग्नल अधिकारी म्हणून सोमच्या लढाईत होते. उवांमधून पसरणारा खंदकज्वर झाला आणि नोव्हेंबरात त्यांना इंग्लंडला परत पाठवलं. त्या आजारपणाच्या काळात, १९१६-१७ मध्ये, त्यांनी गोंडोलिन या लपलेल्या नगरीच्या पाडावाची कथा लिहिली. या सगळ्या दंतकथाविश्वातली ती अगदी पहिल्या कथांपैकी एक. तिच्यात नगरावर चालून येणारे लोखंडी सर्प आहेत आणि त्यांच्या पोटात ऑर्कांच्या, म्हणजे शत्रूच्या विद्रूप शिपायांच्या, तुकड्या आहेत. त्याच वर्षी सप्टेंबरात सोमच्याच आघाडीवर इतिहासात पहिल्यांदा रणगाडे उतरले होते, हे लक्षात ठेवून ती पानं वाचली की अंगावर काटा येतो.

या पहिल्या कथेत बॅलरॉग शेकड्यांनी आहेत. भयंकर आहेत, पण मरतात. तुऑर हा माणसांतला वीर आपल्या द्रामबोर्लेग नावाच्या कुऱ्हाडीने पाच मारतो. एक्थेलिऑनच्या तलवारीने तीन पडतात. राजाच्या घराण्यातले योद्धे चाळीस मारतात. नुसती ही बेरीजच अठ्ठेचाळीस. त्या दिवसाआधी एल्फाच्या (एल्फ म्हणजे त्या जगातली अमर जमात) किंवा माणसाच्या हातून एकही बॅलरॉग मेला नव्हता, असं कथेतच म्हटलं आहे. आणि त्या एका दिवसात एवढे. म्हणजे हे बॅलरॉग शत्रूच्या सैन्यातले खास पलटणीचे शिपाई होते. गॉथमॉग त्या पलटणीचा सेनापती, आणि सुरुवातीच्या नावांच्या यादीत तर चक्क मेल्कोचा (मेल्कोरचं तेव्हाचं नाव) मुलगा.

याच कथेत त्याचा मृत्यू सविस्तर येतो, आणि तो फार सुंदर लिहिला आहे.

राजाच्या चौकात एक कारंजं आहे, सत्तावीस वाव उंच उडणारं. नगरात शेवटचा तग इथेच धरलेला. एक्थेलिऑन कारंज्याच्या घराण्याचा प्रमुख. त्याची माणसं बासऱ्यांच्या सुरांवर लढाईला जातात, चांदी आणि हिरे ही त्यांची आवड. चौकात पोचेपर्यंत त्याचा ढालीचा हात निकामी झालेला असतो, नुसता लोंबतोय. चेहरा पोलादासारखा पांढुरका पडलाय. समोरून गॉथमॉग येतो आणि एक्थेलिऑन पुढे होतो. तो वार करतो, पण वार प्राणघातक बसत नाही. उलट त्याच्याच तलवारीच्या हाताला जखम होते आणि तलवार गळून पडते. आता दोन्ही हात गेले. गॉथमॉग चाबूक उगारतो, आणि त्याच क्षणी एक्थेलिऑन त्याच्यावर झेप घेतो. शिरस्त्राणावर एक शूळ आहे. डोकं खाली घालून तो शूळ त्या असुराच्या छातीत घुसवतो आणि पायांनी त्याच्या मांड्यांना मिठी घालतो. गॉथमॉग किंचाळून पुढे कोसळतो. दोघे कारंज्याच्या खोल कुंडात जातात. असुर तिथे मरतो. एक्थेलिऑन अंगावरच्या पोलादाच्या भाराने तळाशी जातो.

मारायला काहीच उरलेलं नसताना, डोक्यावर घातलेल्या वस्तूने मारणं. आणि आगीचा असुर पाण्यात, तेही ज्या कारंज्याच्या नावाने त्या वीराचं घराणं ओळखलं जातं त्याच पाण्यात. चोवीस-पंचवीस वर्षांच्या, तापातून उठलेल्या तरुणाने हे लिहिलं. मला हा प्रसंग त्या सगळ्या साहित्यातल्या पहिल्या पाचात ठेवावासा वाटतो.

मग तो १९७७ च्या पुस्तकात का आला नाही?

कारण मधल्या काळात असुर मोठा झाला. १९३० च्या दशकातल्या मसुद्यात, असंख्य अश्रूंच्या लढाईत, अजूनही एक हजार बॅलरॉग येतात. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना मात्र टॉल्किन यांना मोरियात एकच बॅलरॉग पुरला. त्या एकाने बटूंचं अख्खं राज्य ओस पाडलं आणि पूर्ण ताकदीनिशी लढणाऱ्या गँडाल्फला मृत्यूपर्यंत नेलं. १९५४-५५ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि मागे फिरण्याची सोय संपली. ज्याच्यापुढे एक माइआर प्राण गमावतो, तो असुर हजारांच्या फौजेत असूच शकत नाही. नाहीतर मॉर्गॉथने पहिल्याच आठवड्यात सगळं जग जिंकलं असतं. उत्तरकाळातल्या एका हस्तलिखिताच्या समासात टॉल्किन यांनी लिहून ठेवलं की बॅलरॉग तीन, किंवा फार तर सात असावेत. हजारावरून सातावर.

इथे मला या प्रकरणाची खरी गाठ दिसते. लेखकाचं वाईटाविषयीचं आकलन बदललं. तरुणपणी त्याने पाहिलेलं वाईट संख्येत होतं: लाटांमागून लाटा, लोखंड, आग. पुढे त्याला वाईट दिसलं ते पतनात: जे मुळात चांगलं आणि मोठं होतं, तेच खाली आलं. बॅलरॉग पहिल्या समजुतीत जन्मले आणि दुसऱ्या समजुतीत वाढले. पण त्यांच्या नावावर असलेली कामं पहिल्या समजुतीतच लिहिलेली राहिली. मॉर्गॉथसारख्या मुख्य पात्राबाबत असं झालं असतं तर लेखकाने बसून सगळं नव्याने मांडलं असतं, आणि त्याच्याबाबत त्यांनी तसे दीर्घ निबंध लिहिलेही. दुय्यम पात्राला तेवढा वेळ मिळत नाही. त्याचा दर्जा वाढतो, कथा मात्र जुन्या मापाची राहते.

एवढं होऊनही गॉथमॉगच्या वाट्याला जे आलं त्याला वजन आहे. १९७७ च्या ‘द सिल्मरिलिअन’मध्ये त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. तो दिसतो कसा, तेही सांगितलेलं नाही. एक काळी कुऱ्हाड तेवढी दिसते. पण तो जिथे येतो तिथे इतिहास वळतो. पहिल्यांदा येतो तेव्हा एल्फांचा सर्वांत तेजस्वी आणि सर्वांत उतावळा राजा फेआनोर आपल्या सैन्याच्या फार पुढे निघून गेलेला असतो. बॅलरॉग त्याला घेरतात. तो खूप वेळ लढतो, आणि शेवटी त्याला जमिनीवर पाडतो तो गॉथमॉग. मुलं येऊन फेआनोरला उचलून नेतात, तो वाटेतच प्राण सोडतो, आणि त्याचा आत्मा इतका प्रखर असतो की जाताना देहाची राख होते. गॉथमॉग त्याला पाडतो त्याच वाक्यात लेखक कानात सांगितल्यासारखं सांगून जातो की या गॉथमॉगला पुढे गोंडोलिनमध्ये एक्थेलिऑनने मारलं. असुराच्या पहिल्या ओळीतच त्याचा शेवट. हिरण्यकशिपूचा वर ऐकतानाच आपल्याला त्यातला उंबरठा दिसायला लागतो, तसंच हे.

दुसऱ्यांदा तो येतो त्या असंख्य अश्रूंच्या लढाईत, पहिल्या युगाच्या ४७२ व्या वर्षी. इथे तो सेनापती म्हणून दिसतो आणि काम फार थंडपणे करतो. एल्फांच्या दोन सैन्यांत तो पाचर ठोकतो, गोंडोलिनचा राजा तुर्गोन आणि हूरिन यांना दलदलीकडे रेटून वेगळं पाडतो, आणि मगच राजा फिंगॉनकडे वळतो. फिंगॉनचे रक्षक मरून पडलेले, तो एकटा. दोघांची झुंज चालू असताना दुसरा बॅलरॉग मागून येऊन फिंगॉनभोवती आगीचा पट्टा आवळतो, आणि गॉथमॉग कुऱ्हाड घालतो. शिरस्त्राण दुभंगताना त्यातून पांढरी ज्वाळा निघते. मग गदांनी त्याचा देह धुळीत मिळवतात आणि निळं-रुपेरी निशाण त्याच्याच रक्ताच्या चिखलात तुडवतात. या प्रसंगात मला नेहमी खुपतं ते हे, की गॉथमॉगला ही लढाई एकट्याने जिंकता आली असती. त्याने ती तशी जिंकली नाही, आणि त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. अंगभूत मोठेपण गेलेला असुर कसा असतो, ते इथे एकही विशेषण न वापरता दाखवलंय.

त्याच दिवशी संध्याकाळी तो हूरिनला पकडतो. हूरिन माणूस आहे. तो ढाल टाकून दोन हातांनी कुऱ्हाड चालवतो, गॉथमॉगच्या अंगरक्षक ट्रोलांच्या काळ्या रक्ताने ती कुऱ्हाड धुमसत झिजून जाते, आणि प्रत्येक शत्रू मारताना तो ‘पुन्हा उजाडेल’ असं ओरडतो. सत्तर वेळा. पण मॉर्गॉथला तो जिवंत हवा असतो. ऑर्क त्याला हातांनी पकडतात. त्याने तोडलेले हातही त्याला चिकटून राहतात. मग गॉथमॉग त्याला बांधून, टर उडवत ओढत नेतो.

आता शेवटाकडे परत येऊ. १९७३ साली टॉल्किन गेले. मुलगा क्रिस्टोफर याने वडिलांच्या हस्तलिखितांतून सलग पुस्तक उभं केलं. गोंडोलिनच्या पाडावाची वडिलांनी लिहिलेली पूर्ण, सविस्तर कथा एकच होती: १९१६-१७ ची. तिच्यात शेकडो बॅलरॉग होते, लोखंडी सर्प होते, भाषा आर्ष होती. नंतरच्या जगात ते बसत नव्हतं. म्हणून १९३० च्या संक्षेपाच्या अंगाने ते प्रकरण लिहिलं गेलं, आणि असंख्य अश्रूंच्या लढाईतला एक हजार हा आकडा गाळून तिथे नुसतं ‘बॅलरॉग आले’ असं ठेवलं. जुनी कथा वाचकांना वाचायला मिळाली ती १९८४ मध्ये. पुढे २०१८ साली, त्र्याण्णव वर्षांच्या क्रिस्टोफरने ती स्वतंत्र पुस्तकात पुन्हा मांडली. त्याने स्वतः नोंदवलंय की सुरुवातीचे बॅलरॉग नंतरच्यांपेक्षा कमी भयंकर आणि जास्त सहज मारता येण्याजोगे होते. अर्ध्या वाक्याचा निर्णय मला संपादक म्हणून पटतो. वाचक म्हणून हळहळ राहतेच.

पण प्रश्न इथे संपत नाही. समजा टॉल्किन यांना वेळ मिळाला असता आणि त्यांनी तो प्रसंग नव्या मापाने लिहिला असता. मग कारंज्यातला मृत्यू टिकला असता का?

आक्षेप दोन. पहिला सरळ आहे: माइआर असलेला असुर, त्यांचाही सरदार, दोन्ही हात निकामी झालेल्या एका एल्फाकडून कसा मरेल? दुसरा जास्त अडचणीचा. मोरियाच्या पुलावरून गँडाल्फ आणि बॅलरॉग खाली कोसळतात तेव्हा तेही तळाच्या पाण्यातच पडतात. त्या पाण्यात बॅलरॉगची आग विझते. पण तो मरत नाही. तो बुळबुळीत, गळा आवळणाऱ्या सापाहून बळकट असं काहीतरी होतो आणि पुढे लढत राहतो. पूल कोसळतो १५ जानेवारीला, बॅलरॉग शिखरावरून खाली फेकला जातो २५ जानेवारीला. दहा दिवस. म्हणजे नुसत्या पाण्याने बॅलरॉग मरत नाही, हे लेखकानेच छापून ठेवलं.

पहिल्या आक्षेपाला त्याच जगात उत्तर आहे. खुद्द मॉर्गॉथ एल्फांचा राजा फिंगोल्फिन याच्याशी एकटा लढला तेव्हा त्याला सात जखमा झाल्या आणि पायाची जखम कायमची राहिली. उत्तरकाळातल्या लिखाणात टॉल्किन यांनी हे उलगडलंय: मेल्कोरने आपली ताकद जगात ओतून टाकली, तो देहाला जखडला गेला आणि लहान होत गेला. दुसऱ्यावर सत्ता गाजवण्यासाठी देह घट्ट धरला की त्या देहाला जे होतं ते तुम्हालाही होतं. हेच गॉथमॉगला लावायला मला हरकत दिसत नाही. उलट दर्जा वाढल्याने त्याचा मृत्यू जास्त अर्थपूर्ण होतो. तो मुळात मोठा होता म्हणून मरत नाही असं नाही. मोठेपण कुऱ्हाडीत आणि चाबकात घालवून बसला म्हणून मरतो.

दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर शूळात आहे. जुनी कथा नीट वाचली तर गॉथमॉग किंचाळतो आणि कोसळतो तो छातीत शूळ गेल्यावर. पाणी नंतर येतं. मोरियाच्या बॅलरॉगला पाण्यात पडताना प्राणघातक जखम झालेली नव्हती. कारंजं गॉथमॉगला मारत नाही, ते त्याला झाकून घेतं, आणि एक्थेलिऑनला त्याच्या घरी नेतं. हे वाचन माझं आहे, पण त्यासाठी १९१७ च्या मजकुरातला एकही शब्द बदलावा लागत नाही.

जाता जाता दोन नावांची गोष्ट. तिसऱ्या युगात, ३०१९ साली माणसांच्या गोंडोर राज्यातल्या मिनास तिरिथ या नगराला वेढा पडतो तेव्हा शत्रूच्या मॉर्गुल या गडाच्या सैन्याचा उपसेनापती म्हणून गॉथमॉग हे नाव पुन्हा येतं. फक्त एकदा, आणि तो कोणत्या जातीचा हेही सांगितलेलं नाही. २००३ च्या चित्रपटात त्याला विद्रूप ऑर्क केलं, म्हणून अनेकांना हे नाव ऑर्काचंच वाटतं. तो ज्या नगरावर चालून जातो, तिथला पांढरा मनोरा एक्थेलिऑनचा मनोरा म्हणून ओळखला जातो. तोही दुसराच एक्थेलिऑन, गोंडोरचा एक कारभारी. तरी भिंतीबाहेर गॉथमॉग आणि भिंतीआत एक्थेलिऑन ही जोडी सहा हजारांहून जास्त वर्षांनी पुन्हा समोरासमोर उभी राहते.

टॉल्किन यांनी गोंडोलिनची कथा नव्याने लिहायला घेतली होती. १९५१ च्या सुमारास. हे लिखाण १९८० मध्ये अपूर्ण कथांच्या संग्रहात आलं. तुऑर समुद्राच्या देवाचा निरोप घेऊन निघतो, कडाक्याच्या हिवाळ्यातून चालतो आणि पर्वतातल्या खिंडीत एकामागून एक दारं ओलांडत जातो: लाकडाचं, दगडाचं, ब्राँझचं, लोखंडाचं, चांदीचं, सोन्याचं. शेवटचं सातवं पोलादाचं. तिथे महाद्वाराचा रक्षक त्याला सामोरा येतो. नखशिखांत चांदीत आहे. त्याचा सेवक त्याची ढाल हातात घेतो तेव्हा ती पावसाचे थेंब पडल्यासारखी चमकते, कारण तिच्यावर हजार स्फटिक जडवलेले आहेत. हाच एक्थेलिऑन. आणि त्याच्या लखलखत्या शिरस्त्राणावर पोलादाचा शूळ आहे. जुन्या कथेतल्या शूळाच्या टोकाला आता हिरा बसवलाय.

द्वार उघडतं, तुऑर पुढे होतो, खालच्या दरीतलं पांढरं नगर त्याला दिसतं, आणि लिखाण तिथे थांबतं.